दहा हजारांत एक

इतिहासांतील एखाद्या मोठ्या दुःखावर नाटक, कादंबरी किंवा चित्रपट रचिला गेला, म्हणजे त्याजविषयीं दोन प्रकारचे वाद उत्पन्न होतात. पहिला वाद खरेखोटेपणाचा. अमुक प्रसंग घडला होता कीं नाहीं, पोशाख व हत्यारें त्या काळचीं आहेत कीं मागाहूनचीं, या प्रश्नांचा निकाल कागदपत्रांवरून लागूं शकतो. दुसरा वाद याहून बिकट असतो. ज्या दुःखांत एका सबंध समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या होरपळून निघाल्या, तें पाहून लोकांनीं टाळ्या पिटाव्या काय, हंसावें काय, सूडानें समाधान पावावें काय, हे प्रश्न कागदपत्रांनीं सुटत नाहींत; आणि म्हणूनच ते अधिक त्वेषानें लढविले जातात. क्वेंटिन टॅरंटिनो या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘जँगो अनचेन्ड’ हा चित्रपट २५ डिसेंबर २०१२ रोजीं अमेरिकेंत प्रथम दाखविला जाऊं लागला, तेव्हां हे दोन्ही वाद एकदमच उसळले. त्या गोष्टीस आज एक तपाहून अधिक काळ लोटला आहे. वाद निवाल्यावर त्यांत सांपडलेला एक प्रश्न आम्हांस विशेष विचारार्ह वाटतो. तो या चित्रपटाच्या गुणदोषांहून पुष्कळ मोठा आहे, आणि त्याचें उत्तर देण्यास इतिहास समर्थ आहे.

ज्यांनीं हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्याकरितां कथाभाग थोडक्यांत सांगतों. काळ १८५८ चा, म्हणजे अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या पूर्वींचा. जँगो नांवाच्या गुलामास डॉक्टर शुल्ट्स नांवाचा एक जर्मन मनुष्य सोडवितो. हा शुल्ट्स पूर्वींचा दंतवैद्य. परंतु तो धंदा सोडून फरारी गुन्हेगारांस गांठून ठार करणें व सरकारचें इनाम मिळविणें हा उद्योग त्यानें पत्करिलेला असतो. जँगो त्याच्याजवळ बंदुकीची विद्या शिकतो. त्याची बायको मिसिसिपी संस्थानांतील कॅल्व्हिन कँडी नांवाच्या धनाढ्य मळेवाल्यास विकली गेलेली असते. तिला सोडविण्यासाठीं हे दोघे वेषांतराच्या मिषानें त्या मळ्यावर जातात, त्यांचें कपट उघडकीस येतें, कँडी व शुल्ट्स दोघेहि मरतात, आणि अखेरीस जँगो एकटा त्या घरांतील शत्रूंचा संहार करून, तें घर सुरुंगानें उडवून, बायकोसह घोड्यावरून निघून जातो. बंदूकबाज घोडेस्वारांच्या ज्या साहसकथांस ‘वेस्टर्न’ म्हणतात, त्या साच्यांत ही कथा ओतलेली आहे. तिचें नांवहि १९६६ सालच्या ‘जँगो’ या इटालियन चित्रपटावरून घेतलेलें असून, त्यांतील नायक फ्रँको नीरो यांत क्षणभर दर्शन देऊन जातो. चित्रपटानें जगभर मिळून ४२ कोटि डॉलरांहून अधिक रक्कम मिळविली, आणि उत्कृष्ट पटकथा व उत्कृष्ट सहायक नट अशीं दोन ऑस्कर पारितोषिकें पटकाविलीं.

पण पैसा आणि पारितोषिकें यांनीं मतभेद मिटला नाहीं. स्पाइक ली हे स्वतः नामांकित कृष्णवर्णी दिग्दर्शक. त्यांनीं चित्रपट न पाहतांच जाहीर केलें कीं, आपण तो पाहणार नाहीं, कारण तो पाहणें म्हणजे आपल्या पूर्वजांचा अवमान करणें होय. गुलामगिरी हा इटालियन धर्तीचा वेस्टर्न नव्हता, तो नरसंहार होता, असा त्यांचा रोख होता. कृष्णवर्णीयांस उद्देशून योजिला जाणारा हीन शब्द चित्रपटांत शंभराहून अधिक वेळां उच्चारिला जातो, याबद्दलहि अनेकांस चीड आली. पुढें या कथेंतील पात्रांच्या बाहुल्या बाजारांत आल्या, तेव्हां गुलामाची बाहुली विकणें हें गुलाम विकण्याची थट्टा करण्यासारखें आहे असा आक्षेप निघाला, व जानेवारी १९१३ नव्हे, तर २०१३ सालच्या जानेवारींत, म्हणजे अवघ्या कांहीं दिवसांत, त्या बाहुल्या मागें घ्याव्या लागल्या. जेलानी कॉब या इतिहासाच्या अध्यापकानें निराळाच मुद्दा काढिला: चित्रपटांतील गुलाम फार निमूट आहेत, आणि नायकासहि जागा करण्यास एक गोरा मनुष्य लागतो. या मुद्द्याकडे आम्हांस पुढें वळावयाचें आहे.

दुसरा पक्षहि दुबळा नव्हता. जी संस्था कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठीं १९०९ सालीं अमेरिकेंत स्थापन झाली व जिनें पुढें त्यांच्या हक्कांचे अनेक लढे लढविले, तिनेंच २०१३ सालीं या चित्रपटांतील नायिका केरी वॉशिंग्टन हिला आपलें पारितोषिक दिलें. ज्यांना चित्रपट रुचला त्यांचें म्हणणें साधें होतें. पडद्यावर आजवर गुलाम रडतांना, मार खातांना, धन्याच्या मुलीस कपडे घालतांना आणि धन्यासाठीं प्राण देतांना पुष्कळ दिसला. घोड्यावर बसून, मान ताठ ठेवून, आपल्या बायकोसाठीं शत्रूंस लोळविणारा गुलाम कोणीं दाखविला होता?

या म्हणण्याचें वजन कळण्यास अमेरिकन चित्रपटांची मागील परंपरा ध्यानांत घेतली पाहिजे. १९१५ सालीं ग्रिफिथ यांचा ‘बर्थ ऑफ ए नेशन’ हा मूकपट निघाला. चित्रणकलेच्या दृष्टीनें तो युगप्रवर्तक समजला जातो. पण त्यांत मुक्त झालेले गुलाम हे अधम व कामांध, आणि त्यांचा छळ करणारी ‘कू क्लक्स क्लॅन’ ही मुखवटेधारी टोळी म्हणजे अबलांची तारणहार, असें रंगविलें आहे. वर सांगितलेल्या संस्थेनें ठिकठिकाणीं त्याचा निषेध केला. तरीहि तो राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या निवासस्थानीं दाखविला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मोडकळीस गेलेल्या क्लॅनचें जॉर्जियांत पुनरुज्जीवन झालें. पुढें १९३९ सालीं ‘गॉन विथ द विंड’ आला. त्यांत द्वेष सौम्य झाला, पण गुलामगिरीचे दिवस म्हणजे जणूं हरपलेलें सुवर्णयुग, असा भास त्यानें कोट्यवधि प्रेक्षकांच्या मनांत रुजविला. त्यांतील दाईची भूमिका करणारी हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर मिळविणारी पहिली कृष्णवर्णी व्यक्ति ठरली. पण अटलांटा शहरांतील प्रथम प्रयोगास तिला जातां आलें नाहीं, आणि पारितोषिकसमारंभांतहि तिला इतर नटांपासून दूर, वेगळ्या मेजावर बसविण्यांत आलें. ज्या लोकांनीं अशा चित्रांखालीं अर्धें शतक काढलें, त्यांच्या वंशजांस एखादा सूडपट गोड वाटला, तर त्यांत रक्ताची चटक शोधणें हें न्यायाचें होणार नाहीं.

आतां रक्तपाताविषयीं. या चित्रपटांत हिंसेचे दोन प्रकार आहेत, व ते वेगळे ओळखल्यावांचून न्याय करितां येत नाहीं. गुलामांवर होणारी हिंसा दिग्दर्शकानें गंभीरपणें दाखविली आहे. कुत्र्यांकडून मनुष्य फाडविणें, फटके, उन्हांत तापणाऱ्या लोखंडी पेटींत कोंडणें, हे प्रसंग पाहतांना कोणीहि हंसत नाहीं. जँगो जी हिंसा करितो ती मात्र आतषबाजीसारखी आहे. तींत रक्त कारंज्यासारखें उडतें व प्रेक्षकांतून आरोळ्या उठतात. पहिल्या प्रकारापुरतें बोलावयाचें तर वस्तुस्थिति चित्रपटाहून सौम्य नव्हती. फटके, गळ्यांतील खिळ्यांचे लोखंडी पट्टे, माग काढणारे कुत्रे, यांचे दाखले गुलामांच्या आत्मवृत्तांतच नव्हे, तर मळेवाल्यांच्या स्वतःच्या लिखाणांत सांपडतात. याच्या उलट, चित्रपटांतील सर्वांत भयानक गोष्ट, म्हणजे दोन गुलामांस मरेपर्यंत झुंजविण्याचा शौक, हिला इतिहासांत आधार मिळालेला नाहीं. ती १९७५ सालच्या ‘मँडिंगो’ चित्रपटाच्या व त्याच्या मूळ कादंबरीच्या वाटेनें येथें आली आहे. पैज लावून गुलामांच्या कुस्त्या होत. पण १८६० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या बाजारांत धडधाकट तरुण गुलामास दीड हजार डॉलरांहून अधिक किंमत पडे, आणि इतका पैसा एका संध्याकाळच्या करमणुकींत मातीस मिळविणें मळेवाल्याच्या हिशेबांत बसणारें नव्हतें. सुरुंगाच्या ज्या कांड्यांनीं शेवटीं घर उडतें, तें डायनामाइट नोबेलनें १८६७ सालीं पेटंट केलें, आणि ज्या मुखवटेधाऱ्यांची चित्रपटांत टर उडविली आहे त्यांची टोळी युद्धानंतरची. अशा चुका शोधण्यांत मौज आहे, पण त्यांनीं कोणाचें फारसें बिघडत नाहीं. जिच्यानें बिघडतें ती चूक निराळी आहे.

चित्रपटाच्या उत्तरार्धांत भोजनाच्या मेजावर कँडी एक कवटी आणवितो. ती बेन नांवाच्या म्हाताऱ्या गुलामाची. या बेननें पन्नास वर्षें कँडीच्या बापाची आठवड्यांतून तीनदां हजामत केली. हातांत धारदार वस्तरा आणि समोर धन्याचा उघडा गळा, तरी त्यानें तो एकदांहि कापला नाहीं. मग कँडी विचारतो: चोहोंकडे इतके काळे लोक असतां ते आम्हांस मारीत कां नाहींत? आणि करवतीनें कवटी कापून, तींतील तीन खळग्यांकडे बोट दाखवून, तो उत्तर देतो कीं, गुलामी यांच्या मेंदूंतच घडविलेली आहे. जँगोसारखा तेजस्वी मनुष्य त्यांत निपजला तर तो दहा हजारांत एक. पुढें शेवटच्या प्रसंगीं जँगो विजयी होऊन उभा राहतो, तेव्हां तो म्हणतो कीं, कँडीचें सारें बोलणें थोतांड होतें, पण एक गोष्ट त्यानें खरी सांगितली. तो दहा हजारांतला एक मीच. हें वाक्य नायकाच्या तोंडीं शोभतें, प्रेक्षक टाळी देतो, आणि कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं कीं, या एका वाक्यानें धन्याचें सबंध शास्त्र मान्य करण्यांत आलें. एक जर अपवाद, तर उरलेले नऊ हजार नऊशें नव्याण्णव नियम ठरले. थोडें आधीं जँगो एका पिंजऱ्याच्या गाडींतल्या गुलामांस मागें ठेवून घोडा फेकीत निघून जातो. दार उघडें असतां ते त्याच्याकडे नुसते पाहत राहतात. तें दृश्य मग सहज घडलेलें वाटत नाहीं.

हें शास्त्र दिग्दर्शकानें कल्पनेनें निर्माण केलेलें नाहीं. फिलाडेल्फियाचे डॉक्टर मॉर्टन यांनीं जगांतील कवट्यांचा संग्रह करून त्यांची मापें घेतलीं व १८३९ सालीं अमेरिकन कवट्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढें १८५४ सालीं अलाबामा संस्थानांतील डॉक्टर नॉट व त्यांचे सहकारी यांनीं त्या मापांचा आधार घेऊन मानवजाती मुळांतच उच्चनीच असल्याचें प्रतिपादन केलें. परंतु या सर्वांत बोलकें उदाहरण न्यू ऑर्लिन्स येथील डॉक्टर कार्टराइट यांचें. त्यांनीं १८५१ सालीं एक नवा रोग शोधून काढिला व त्यास ‘ड्रापेटोमॅनिया’ असें भारदस्त ग्रीक नांव दिलें. रोगाचें लक्षण एकच: गुलामास पळून जावेंसें वाटणें. त्यावरील प्रतिबंधक उपायांत फटक्यांचाहि समावेश होता. आज हें वाचून हंसू येतें. पण यांतील विसंगति इतिहासकारानें हंसण्यावारीं नेऊं नये. गुलामी जर त्या लोकांच्या मेंदूंतच होती, तर तींतून पळण्याची ओढ इतकी सार्वत्रिक कशी कीं तिला रोग म्हणण्याची पाळी यावी? डॉक्टरानें नकळत आपल्याच शास्त्राविरुद्ध साक्ष दिली.

युद्धांत हें शास्त्र हरलें, तरी पुस्तकांतून तें लवकर गेलें नाहीं. यु. बी. फिलिप्स यांनीं १९१८ सालीं लिहिलेला अमेरिकन गुलामगिरीचा इतिहास दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेला. त्यांत मळा म्हणजे मागासलेल्यांस वळण लावणारी एक शाळा, असें चित्र आहे, आणि त्यासाठीं मळेवाल्यांचीं दप्तरें फार परिश्रमानें अभ्यासिलेलीं आहेत. उणीव एवढीच कीं, शाळेंत ज्यांस डांबलें होतें त्यांची साक्ष तींत जवळजवळ नाहीं. १९३६ ते १९३८ या काळांत सरकारी योजनेखालीं गुलामगिरी प्रत्यक्ष भोगलेल्या २,३०० हून अधिक वृद्धांच्या जबान्या लिहून घेण्यांत आल्या. १९४३ सालीं हर्बर्ट ॲप्थेकर यांनीं गुलामांच्या बंडांवर ग्रंथ लिहिला व लहानमोठीं बंडें आणि कट मिळून सुमारें २५० प्रसंग नोंदविले. त्यांच्या मोजणीबद्दल मतभेद आहेत. पण तेव्हांपासून निमूटपणाची कथा विद्वानांत पूर्वींसारखी निर्धास्तपणें सांगतां येईना.

तरीहि कँडीचा प्रश्न प्रामाणिकपणें विचारणारा कोणी भेटेल. बंडें झालीं, पण तीं यशस्वी कां झालीं नाहींत? हैतींत १७९१ सालीं गुलाम उठले व १८०४ सालीं त्यांनीं स्वतंत्र राज्य स्थापिलें; अमेरिकेंत तसें कां घडलें नाहीं? याचें उत्तर मेंदूंत नसून शिरगणतींत आहे. हैतींत सुमारें पांच लाख गुलामांसमोर गोरे अवघे चाळीस हजारांच्या आंतबाहेर होते. अमेरिकेंत १८६० सालच्या शिरगणतीप्रमाणें गुलाम जवळजवळ साडेएकोणचाळीस लाख. पण गुलामगिरी असलेल्या पंधरा संस्थानांच्या लोकवस्तींत ते सुमारें एक-तृतीयांशच भरत. मिसिसिपींत मात्र ७,९१,३०५ वस्तींत ४,३६,६३१ गुलाम, म्हणजे शेंकडा पंचावन्न होते. पण तेथेंहि ते विखुरलेले, नि:शस्त्र, आणि भोंवतालच्या संस्थानांच्या व संघसरकारच्या सैन्यानें वेढलेले होते. रात्रीं घोड्यावरून गस्त घालणाऱ्या टोळ्या असत. धन्याच्या सहीचा परवाना जवळ नसला तर वाटेंत गांठून फटके मारण्याचा त्यांस अधिकार असे. अनेक संस्थानांत गुलामास लिहिण्यावाचण्यास शिकविणें हा गुन्हा होता, याचें एक कारण हा परवानाच.

आणि ज्यांनीं शस्त्र उचललें त्यांचें काय झालें हें सर्वांस ठाऊक होतें. १८११ सालच्या जानेवारींत लुइझियानामध्यें मिसिसिपी नदीच्या कांठचे शेंकडों गुलाम न्यू ऑर्लिन्सच्या दिशेनें चालून निघाले. गोऱ्यांपैकीं दोघे मेले. बंडखोरांपैकीं सुमारें शंभर जणांचे प्राण घेण्यांत आले, आणि अनेकांचीं शिरें नदीच्या कांठानें खांबांवर टांगण्यांत आलीं. १८३१ च्या ऑगस्टांत व्हर्जिनियांत नॅट टर्नरच्या बंडांत पंचावन्नच्या सुमारास गोरे मारले गेले. त्याच्या सूडांत बंडाशीं कांहीं एक संबंध नसलेले अनेक कृष्णवर्णी रस्त्यांत ठार झाले. म्हाताऱ्या बेनच्या हातांतील वस्तऱ्याचें उत्तर येथें आहे. त्यानें धन्याचा गळा कापला असता, तर त्याच दिवशीं त्याची बायको, मुलें, नातवंडें, आणि कदाचित् शेजारच्या मळ्यांवरील निरपराध माणसेंहि मेलीं असतीं. वस्तरा न फिरविणारा हात भेकडच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो हिशेब करणारा हात असतो.

परंतु न मारणें म्हणजे निमूट बसणें नव्हे. दक्षिणेंतील जुनीं वर्तमानपत्रें उघडावीं, तों पळालेल्या गुलामांच्या जाहिरातींनीं तीं भरलेलीं दिसतात. धनी स्वतःच लिहितो कीं, अमुक गुलाम पळाला असून त्याच्या पाठीवर फटक्यांचे वळ आहेत, गालावर डाग आहे. आणि पुष्कळदां हेंहि लिहितो कीं, त्याची बायको अमुक मळ्यावर असल्यानें तो तिकडे गेला असावा. १८३४ सालीं सोळा वर्षांच्या फ्रेडरिक डग्लसनें ‘गुलाम वठणीवर आणणारा’ म्हणून ख्याति असलेल्या कोव्ही नामक शेतकऱ्यास प्रत्यक्ष झुंजींत रोखिलें. त्यानंतर कोव्हीनें त्याच्यावर हात टाकिला नाहीं. हाच मुलगा पुढें पळाला व अमेरिकेंतील थोर वक्त्यांपैकीं एक झाला. हॅरिएट टबमन १८४९ सालीं एकटी निसटली, आणि नंतर सुमारें तेरा वेळां परत जाऊन तिनें जवळजवळ सत्तर माणसें सोडवून आणिलीं.

विल्यम व एलन क्राफ्ट या पतिपत्नींची हकीकत तर कोणत्याहि पटकथेस लाजविणारी आहे. एलनचा वर्ण उजळ होता. १८४८ च्या डिसेंबरांत तिनें पुरुषाचा पोशाख केला, डोळ्यांस चष्मा लाविला, आणि आजारी तरुण मळेवाल्याचें सोंग घेतलें. विल्यम तिचा गुलाम झाला. तिला लिहितां येत नव्हतें, म्हणून कोणीं सही मागूं नये यासाठीं तिनें उजवा हात झोळींत बांधिला. जॉर्जियांतील मेकनपासून फिलाडेल्फियापर्यंत तीं दोघें आगगाडीनें व आगबोटीनें, चांगल्या खानावळींत उतरत, चार दिवसांत पोंचलीं. बायकोसाठीं जिवावर उदार झालेला गुलाम आणि वेषांतराचें कपट हीं दोन्ही येथें आहेत. नाहीं ती फक्त बंदूक. शिवाय येथें बायको सुटकेची वाट पाहत कोंडलेली नसून, सबंध युक्तीचा भार तिच्याच शिरावर आहे.

आणि शेवटीं युद्ध आलें, तेव्हां हे नऊ हजार नऊशें नव्याण्णव काय करीत होते? १३ मे १८६२ च्या पहांटे चार्ल्सटन बंदरांत रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्यानें कप्तानाची टोपी डोक्यावर घालून ‘प्लँटर’ नांवाची लष्करी आगबोट, आपल्या व इतर गुलामांच्या बायकामुलांसह, शत्रूच्या किल्ल्यांवरून ठरलेल्या खुणा करीत बाहेर काढली व उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. पुढें तो अमेरिकन लोकसभेचा सभासद झाला. उत्तरेचें सैन्य जवळ येतांच मळ्यांवरून सुमारें पांच लाख गुलाम त्याच्या छावण्यांकडे निघून गेले. डब्ल्यू. ई. बी. डु बॉय्स यांनीं १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत या स्थलांतरास सार्वत्रिक संपाची उपमा दिली आहे, ती अन्वर्थक आहे. कारण त्यामुळें दक्षिणेची शेती खचली आणि तिच्या शत्रूचें बळ वाढलें. सुमारें १,७९,००० कृष्णवर्णी पुरुष भूदलांत व १९,००० च्या सुमारास नौदलांत दाखल झाले. जवळजवळ चाळीस हजार कामास आले. डिसेंबर १८६५ मध्यें राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें संपली. कँडी विचारतो, ते आम्हांस मारीत कां नाहींत? संधि मिळतांच ते लढले; आणि एका घराऐवजीं सबंध व्यवस्थाच त्यांनीं उडविली.

एका बाबतींत मात्र चित्रपट इतिहासाशीं पूर्णपणें इमानी आहे, व ती बाब बंदुकांच्या आवाजांत बहुतेकांच्या ध्यानांतून निसटली. जँगोला सूड मुळांत नको असतो. त्याला बायको हवी असते. आफ्रिकेंतून गुलाम आणणें १८०८ पासून बेकायदेशीर झाल्यावर देशांतल्या देशांत जो व्यापार वाढला, त्यांत सुमारें दहा लाख माणसें पूर्वेकडून दक्षिण-पश्चिमेच्या कापसाच्या मळ्यांकडे नेण्यांत आलीं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलें तिसरीकडे, अशी ताटातूट हा त्या व्यापाराचा नित्याचा व्यवहार होता. मुक्तता झाल्यावर पुष्कळ लोकांनीं पहिलें काम कोणतें केलें असेल, तर आपलीं माणसें शोधणें. पायीं शेंकडों मैल गेले. फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’सारख्या पत्रांतून, वीस-वीस, तीस-तीस वर्षांपूर्वीं विकल्या गेलेल्या आईचा, भावाचा, लेकराचा ठावठिकाणा विचारणाऱ्या जाहिराती देत राहिले. पूर्वीं धन्यानें पळालेल्या गुलामासाठीं छापलेली जाहिरात आणि आतां मुक्त झालेल्या गुलामानें हरवलेल्या आईसाठीं छापलेली जाहिरात, या दोन कागदांच्या मध्यें गुलामगिरीचा सारा इतिहास सामावलेला आहे.

तेव्हां भांडणाऱ्या दोन पक्षांस काय म्हणावें? ज्यांस हा चित्रपट आवडला, त्यांचें सुख आम्ही हिणवीत नाहीं. ज्यांच्या पूर्वजांस पडद्यावर मान वर करूं दिली नव्हती, त्यांस ती एकदां ताठ झालेली पाहण्याचा हक्क आहे. ज्यांस तो असह्य झाला, त्यांचा उद्वेगहि आम्हांस पोकळ वाटत नाहीं. पूर्वजांच्या स्मृतीपुढें जोडे काढून जावें, ही भावना कोणत्या समाजास परकी आहे? पण पहिला पक्ष एका वीरावर संतुष्ट होतो, आणि दुसरा पुष्कळदां उरलेल्यांच्या केवळ यातनांचें रक्षण करितो. दोहोंमध्यें ते उरलेले लोक निराधारच राहतात. त्यांस वीराची सावली म्हणून राहणें नको, आणि केवळ दयेचा विषय होणेंहि नको. कष्टकरी, हिशेबी, युक्तिबाज, कधीं भ्यालेलीं व कधीं अपार धीट, अशीं तीं माणसें होतीं. आणि गुलामगिरी त्यांनीं संपविली.

चित्रपटांचा प्रभाव लटका असतो असें मात्र कोणीं समजूं नये. मिसिसिपी संस्थानानें १८६५ सालीं तेराव्या दुरुस्तीस संमति नाकारली होती. ती देण्याचा ठराव १९९५ सालीं झाला खरा, पण त्याचा कागद केंद्रीय दप्तराकडे पाठवावयाचाच राहिला. २०१२ च्या अखेरीस निघालेला लिंकन यांच्यावरील चित्रपट पाहून एका अध्यापकानें या गोष्टीचा छडा लाविला, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत ती नोंद पुरी झाली. ज्या दिवसांत चित्रगृहांतून कँडीचा मिसिसिपींतील काल्पनिक वाडा रोज धडाडून उडत होता, त्याच दिवसांत खऱ्या मिसिसिपीचा एक राहिलेला कागद निमूटपणें टपालांतून गेला.

हा सारा इतिहास दूरदेशींचा आहे. पण महाराष्ट्रानें तो कधींच परका मानला नाहीं. तेराव्या दुरुस्तीनंतर आठच वर्षांनीं, १८७३ सालीं, जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, व अमेरिकेंत गुलामगिरी नष्ट करण्यासाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस तो अर्पण केला. १९४६ सालीं डॉ. आंबेडकर यांनीं वर उल्लेखिलेल्या डु बॉय्स यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाविषयीं चौकशी केली. या दोघांनींहि त्या इतिहासांतून एखाद्या अद्वितीय वीराचा शोध घेतला नाहीं. जी व्यवस्था स्वतःस सनातन व निसर्गसिद्ध म्हणविते ती माणसांच्या हातून मोडतां येते, हा दाखला त्यांनीं घेतला. ‘दहा हजारांत एक’ हें गणित मळेवाल्याचें आहे, आणि त्याच्या वहींतच तें राहूं द्यावें. ज्यांस कधीं काळीं कोणीं हीन ठरविलें, त्यांच्या वंशजांनीं आपला इतिहास वाचतांना उरलेल्या नऊ हजार नऊशें नव्याण्णवांची विचारपूस आधीं करावी.